पूजेतलं पेडल

निशिकांतचं गिटारचं पेडल घ्यायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा पेडल पाटावर होतं. वडिलांच्या पान्या-पकडींच्या रांगेत, हळदकुंकू लावून. बँड मोडल्यावर त्याने ते माळ्यावर टाकलं होतं. खाली कोणी आणलं, हे त्याने विचारलं नाही.

"एका बटणाने सूर जुन्या रेडिओसारखा खरखरतो, दुसऱ्याने पाण्यासारखा हेलकावतो," असं गिऱ्हाइकाला सांगत तो पेडल उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," वडील म्हणाले. आजवर पेडलच्या आवाजाला ते स्वयंपाकघरातला मिक्सर म्हणत आले होते. "खंडेनवमीला पूजेतली हत्यारं हलवत नाहीत."

"मग उद्या येतो," गिऱ्हाईक म्हणालं.

वडिलांनी पेडलवर झेंडूचं फूल ठेवलं.

"उद्या कशाला? उद्या हत्यारं कामाला लागतात."