जहीरभाईंचे स्टेंट

परतवाड्याचे शिंपी जहीरभाई यांच्या हृदयात डॉ. पौर्णिमाने मागच्या वर्षी अमरावतीत एक स्टेंट बसवला होता. धातूची बारीक जाळी, एकच. स्टेंटवरच्या संशोधनासाठी निवडलेल्या रुग्णांत जहीरभाईंचं नाव होतं, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी झाली. तेव्हा पडद्यावर तीन जाळ्या दिसल्या.

"मधे दुसऱ्या दवाखान्यात गेले होते का?" तिने विचारलं.

"कुठंच नाई, मॅडम," त्यांची बायको खुर्शीदबी म्हणाली. "तुमच्याबिगर यायले कोणाचा हातच लागला नाई."

पौर्णिमाने जुनी फिल्म पुन्हा पाहिली. तीत एकच होती. आणि बसलेला स्टेंट काही काढता येत नाही.

आज वर्ष झालं. तिने त्यांना टेबलावर घेतलं, मनगटातून रंगद्रव्य सोडलं. जाळ्या अकरा होत्या. बारीकातल्या बारीक वाहिनीतही आता जागा नव्हती.

तिच्या हातात जाळी आत नेणारी ना तार होती, ना ती उघडणारा फुगा. तरीही तिच्या डोळ्यांदेखत बारावी जाळी हळूहळू फुगत उघडली.

जहीरभाई जागे होते. छताकडे पाहत त्यांनी विचारलं, "मॅडम, हे तुमीच करून राहिल्या ना?"