चार बोटं

मुख्याध्यापकांनी शाळेतल्या यच्चयावत छड्या गोळा करून भर मैदानात, गुडघ्यावर कडाकड मोडल्या होत्या. "मूल मार खाऊन नाही, अनुभवातून शिकतं," हे त्यांचं वाक्य बाईंना आता तोंडपाठ झालं होतं. आज तर ते पाहुण्यांना घेऊन वर्गात मागेच येऊन बसले, म्हणून बाईंनी उत्तर स्वतः न सांगता पोरांनाच शोधू द्यायचं ठरवलं.

त्यांनी उड्या मारायची दोरी हातात घेतली. "मी इथूनच ही जोरात फटकारली, तर शेंडा कुठवर जाईल? आपापल्या अंदाजाने फरशीवर खडूची रेघ मारा."

बाकी सगळ्यांचे अंदाज साफ चुकले. पण पहिल्या बाकावरच्या अबोल पोरीच्या रेघेवर शेंडा असा सपकन बसला, की खडूची धूळ उडाली. बाईंनी दोरी बदलली, तरी तेच. पाहुणे बघतच राहिले.

"अगं, तुला कसं गं कळतं?" बाई कौतुकाने विचारायला गेल्या.

"दोरीकडे नाही बघायचं बाई, मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं. खांदा मागे गेला की ती लांब येते," पोरगी म्हणाली. "बाबांचा पट्टा पलंगापर्यंत येतो. पण पलंगाखाली भिंतीला चिकटून बसलं, की चार बोटं कमी पडतो."


मागे खुर्ची करकरली. मुख्याध्यापक उठले होते, आणि त्यांची लेक बाईंच्या टेबलाखाली, भिंतीला चिकटून बसली होती.