तीन राजे

टेम्पोच्या ड्रायव्हरने तीन पानं जेमतेम उलगडली आणि लगेच मिटली. तिन्ही राजे. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्याने रुमाल काढून मान पुसली.

रविवारची दुपार. गोदामातल्या बाकीच्यांनी पानं टाकली होती. समोर उरला फक्त टेम्पोचा मालक. त्याने आपली पानं पाहिलीच नव्हती. ती पालथी पडली होती आणि वर चहाचा कप. न बघता खेळणाऱ्याला निम्म्यात भागतं. त्याने आपणहून पानं पाहिल्याशिवाय समोरच्याला ‘दाखवा’ म्हणता येत नाही. समोरच्याने दुप्पट लावत राहायचं, नाहीतर डाव सोडायचा.

“हजार,” मालक म्हणाला.

ड्रायव्हरने दोन हजार टाकले.

“दोन.”

त्याने चार टाकले. हाच टेम्पो विकत घ्यायचा म्हणून नवरा-बायकोने दीड वर्षात चाळीस हजार जमवले होते. ते आज सगळे खिशात होते.

“चार.” मग “आठ.” ड्रायव्हरने आठ टाकले, सोळा टाकले.

“सोळा,” मालक म्हणाला आणि चहावरची साय बोटाने बाजूला केली.

आता बत्तीस हवे होते. खिशात दहा. ड्रायव्हर मागे वळला. मागे पोत्यावर त्याचा मेहुणा बसला होता, मेकॅनिक.

“बावीस हजार दे. आत्ता, या हाताने परत करतो.”

“दाजी, माझ्याकडे बाराशे आहेत.”

“शेठ,” ड्रायव्हर म्हणाला, “एकदा पानं बघा तरी.”

“मला काय घाई आहे?”

ड्रायव्हरने पानं खाली टाकली, तीही उताणी. कोणीतरी हळूच शीळ घातली. मालकही वाकून बघत राहिला.

“काय नशीब आहे रे तुझं! मला जन्मात अशी पानं पडली नाहीत.” हे तो खरंच मनापासून बोलला. मग त्याने आपली तीन पानं न बघताच गड्डीत सरकवली आणि पिसायला घेतली. “बस की. दहा आहेत ना अजून?”

मेहुण्याने त्याचा दंड धरला. “दाजी, उठा. ताई वाट बघत असेल.”

“थांब रे.” ड्रायव्हरने हात सोडवून घेतला. “आज पानं कशी लागतायत, बघतोयस ना?”