चंद्रभानकाकांचा डबा

मिस्त्री म्हटला की तो हात मारणारच, हे चंद्रभानकाकांचं ठाम मत. त्यामुळे मोटारसायकलचं ऑइल ते अकोटात कधी घेत नसत. सीलबंद डबा थेट अकोल्याहून, जावयाच्या दुकानातून आणायचा. गॅरेजात कोणी बदलू नये म्हणून त्याच्या बुडावर खिळ्यानं ‘चं’ कोरायचा. आणि रिकामा डबाही तिथं ठेवायचा नाही, मेले त्यात नकली ऑइल भरून विकतात. तो परत नेऊन जावयाच्याच हाती द्यायचा.

आज सुगत मिस्त्रीनं गाडी सुरू करून इंजिनाला कान लावला. “काका, इंजिन लय खडखड करून राहिलं. दोन हजार किलोमीटर नाई झाले, अन् ऑइल पाण्यावानी पातळ! एकडाव मायाकडचं टाकून पाहा. गाडीच्या पुस्तकात लिवलं तेच हाये, दहा-तीस ग्रेडचं.”

“म्हंजे तुयी चांदी!” काका खवचट हसले. “बाप्पू, आमच्या जवाईबापूच्या दुकानचा माल हाये हा. तुमच्यावानी लबाडी नाई त्याच्यात.”

“तुमची मर्जी. द्या मंग डबा.”

“थांब. पयले खूण करू दे.”

काकांनी खिशातून खिळा काढला, सील न तुटलेला कोरा करकरीत डबा उलटा केला आणि तसेच थांबले.

“काहून, काय झालं काका?”

बुडावर त्यांच्याच हातचा ‘चं’ होता. मागच्या खेपेचा.