पहिला चमचा

जालन्याला जाऊन डोसा, मग आइस्क्रीम, हा बेत वच्छलाबाईच्या नवऱ्याचाच. त्यानं डोसा गरमागरम खाल्ला; तिनं त्याचं उरकेपर्यंत थांबून आपला वातड झालेला चावला. नवी नवरी असताना नवऱ्याआधी घास घेतला म्हणून सासूनं पुढ्यातलं ताट उचललं होतं. नवरा शेजारीच खाली मान घालून जेवत होता. तेव्हापासून तीच रीत. आइस्क्रीमचे कप आले आणि बाहेर सोयरा दिसला म्हणून हा गप्पा हाणायला गेला. तिच्यादेखत दोन्ही कपांचं पाणी झालं. परत येऊन हा हसला. “येडी का तू? खायचं की! कुनी धरलं व्हतं?” वच्छलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “तुमच्या आईनं ताट उचललं तव्हा बोलायचं व्हतं हे!” तिनं काउंटरवर जाऊन एकच नवा कप आणला आणि त्याच्यासमोर बसून पहिला चमचा तोंडात घातला.