देण्याघेण्याची साडी

“अगंबाई, रंग काय टवटवीत दिसतायत वन्सं!” राजेश्वरी बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं, की गोधडीचे रंग टवटवीत नसतात. गोधडी होते ती नेसून नेसून विटलेल्या लुगड्यांची. रंग धुण्यात गेलेला असतो, म्हणून तर ती अंगाला मऊ लागते.

राहीबाईंच्या ओट्यावर पसरलेली गोधडी मात्र कापडाच्या दुकानासारखी चमकत होती. राणी, चिंतामणी, आमसुली, पोपटी. चौकोनाला चौकोन जोडत राहीबाई पार कडेपर्यंत आल्या होत्या. भाचीला, मोनिकाला, सातवा महिना लागल्याचं कळल्यावर त्यांनी हे काम काढलं होतं. आणि आज राजेश्वरी लेकीला घेऊन नगरहून मिरजगावला नणंदेकडे मुद्दाम ते बघायला आली होती.

मोनिका एकेका चौकोनावरून बोट फिरवत होती. “आत्या, एवढं कापड कुठून आणलंस?”

“आनायचं कशाला? तुज्या आईनं दिल्याल्या साड्या हायेत. दर भाऊबीजंच्या.”

“आणि तू त्या नव्याकोऱ्या फाडल्यास?”

“मला गं काय करायच्यात गोल साड्या? मी नऊवारी नेसनारी. जपून ठिवल्या हुत्या पेटीत. भावाच्या घरचं, कुनाला द्यायचा जीव हुईना. आता तुज्या बाळाला हुतील.”

हा टोमणा असता तर राजेश्वरीने लगेच परतवला असता. टोमणे परतवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण राहीबाई साधंच बोलल्या होत्या, आणि साध्या बोलण्याला उत्तर कुठून आणायचं?

तिच्या कपाटात वरचा एक कप्पा देण्याघेण्याच्या साड्यांचा होता. तसा तो कुणाच्या घरी नसतो? लग्नाकार्यात आहेरात आलेल्या, मनात न भरलेल्या साड्या तिथे जायच्या. भाऊबीजेच्या सकाळी त्यातली एक काढायची, घडी सारखी करायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची, की झालं काम. वन्सं नऊवारी नेसतात हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण नऊवारीसाठी दुकानाची पायरी चढावी लागते. नेसल्या नाहीत तर त्यांच्या सुनांना होईल, अशी ती आपल्याच मनाची समजूत घालायची.

“हे कोपऱ्याचं तेवडं ऱ्हायलंय,” म्हणत राहीबाईंनी एक अख्खी साडी मांडीवर घेतली. रामा रंगाची, बुगडी काठाची. फाडायच्या आधी त्या ब्लेडने तिचा फॉल उसवू लागल्या.

राजेश्वरी बघतच राहिली. दुकानातून आणलेल्या साडीला कधी फॉल लावलेला असतो का? आणि हे टाके तर हाताचे होते. तिळाएवढे, एका ओळीत. तसलेच टाके समोरच्या गोधडीवर होते.

मग तिला सगळं आठवलं. मोनिकाच्या लग्नात, ऐन गर्दीत, राहीबाईंनी राजेश्वरीच्या हातात एक पिशवी दिली होती. “बस्त्याच्या दिवशी तुमी ही हातात घिऊन परत ठिवली हुती, वैनी. मी मागनं जाऊन घेतली. फॉल बी लावलाय, लगीच नेसा.” राजेश्वरीने बरं बरं म्हणून ती पिशवी बाकीच्या आहेरात टाकली होती, आणि आहेर सगळा गेला वरच्या कप्प्यात. तिने ती उघडूनही पाहिली नव्हती. गेल्या भाऊबीजेला तीच साडी तिने घाईत, नीट न बघता काढली आणि पाटावर बसलेल्या नवऱ्याला राहीबाईंच्या ताटात घालायला लावली. राहीबाईंनी ती ओळखली असणार. ओळखूनही डोळ्यांना लावली होती. ते तर राजेश्वरीने समोर उभं राहून पाहिलं होतं.

इतकी लाज तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

“टाकं निघंनात बाई,” राहीबाई स्वतःशीच म्हणाल्या. “लई बारीक घातल्यात.”

“कुणी घातलेत?” मोनिका पुढे वाकली. “थांब, ही साडी मी बघितलीय कुठंतरी. आई, माझ्या लग्नात आली होती का गं अशी?”

राजेश्वरीने लेकीकडे पाहिलं. माझ्या आईचा हात फार सढळ, असं ही पोरगी सासरी ऐटीत सांगायची. खोटं बोलायचं तर ते पटकन बोलायला हवं होतं, आणि खरं बोलायला तिला तोंड राहिलं नव्हतं.

“आसल्या रंगाच्या पायलीला पन्नास मिळत्यात बाजारात,” राहीबाई म्हणाल्या. त्यांनी साडीची घडी घातली, फॉलची बाजू आत घेतली. “तू जा, आतनं दोऱ्याचं रीळ आन. बसून बसून पाय सुजतील.”

मोनिका आत गेली. राहीबाईंनी साडीवरून हात फिरवला. मान काही वर केली नाही.

“वैनी, ही फाडून वर लावू, का अख्खीच पोटात घालू? पोटात अस्तराखाली गेली म्हंजे कुनाला दिसायची न्हाई. तुमी म्हनाल तसं.”

राजेश्वरीला पुष्कळ काही म्हणायचं होतं. यातलं काही मुद्दाम केलं नाही, हे सांगायचं होतं. पण मुद्दाम केलं नाही, बघितलंच नाही, हे तर त्याहून वाईट होतं.

“पोटात घाला, वन्सं,” ती कशीबशी म्हणाली.

“ते तवाच घातलं, वैनी,” राहीबाई म्हणाल्या. “दादा पाटावरनं उठायच्या आदी.”