हरणं ओळखणारं यंत्र

"महागडंच दे," आर्डिस म्हणाली. "पोलीस पुढच्या गावात जांभया देत असला तरी इथं वाजलं पाहिजे."

गॉर्डीनं काउंटरवर दोन डिटेक्टर ठेवले. पोलिसांच्या रडारची चाहूल लागली की पीं पीं करणारी ही डबडी. नॉर्थ डकोटाच्या सरळसोट रस्त्यांवर आर्डिस ट्वेटनला अशा डबड्याची किती गरज आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाईंचं वय चौऱ्याहत्तर, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय अजून विशीतला. न्यायाधीशांनी तर सरळ बजावलं होतं, आणखी एकदा पकडलं गेलात तर लायसन्स विसरा.

आणि लायसन्स गेलं की सिग्नेचे बर्फावरच्या हॉकीचे सामने गेले. नात लांबच्या शाळेत गोल राखायची. प्रेक्षकांत आजी दिसली नाही तर तिचं खेळात लक्षच लागायचं नाही.

"ऑर्विल नेईल की," गॉर्डी म्हणाला.

"हा? हा पोचेपर्यंत बर्फ वितळून मैदानाचं तळं होईल."

तिचा नवरा दाराशी दुकानातली फुकटची कॉफी पीत उभा होता.

"काय ऑर्विल, यंदा शिकारीत बदकं मिळाली का?" गॉर्डीनं विचारलं.

"बदकांना बोलवायची शिट्टी घरी विसरलो रे. तोंडानंच आवाज काढून बोलावली. आली बिचारी."

गॉर्डीनं दोन्ही यंत्रं वापरून बघायला दिली. "हे स्वस्तातलं मात्र नावापुरतंच हं. दोघा गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलंय. मुकं आहे म्हणतात."

आधी महागडं लावलं. ते एकदाच वाजलं, पुढं खरंच पोलीस उभा होता. आर्डिस शहाण्यासारखी गेली, आणि पोलीस मागं पडल्याबरोबर गाडी पुन्हा सुसाट निघाली. ऑर्विल दाराची कडी घट्ट धरून बसला होता.

"आता ते दुसरं लाव," घरी आल्यावर तो म्हणाला. "त्याला का उगाच नावं ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी तो टोपी नाकापर्यंत ओढून शेजारच्या सीटवर झोपला, आणि मुक्या यंत्राला कंठ फुटला. शाळेपाशी पीं पीं. बर्फाळलेल्या पुलावर पीं पीं. धान्याच्या कोठारापाशी वळणावर तर त्यानं असा आकांत मांडला की आर्डिसनं ब्रेकच मारला. समोरून तीन हरणं टणाटण उड्या मारत गेली.

"अरे, याला हरणंसुद्धा कळतात!" ती ओरडली.

"अं? काय झालं?" ऑर्विलनं टोपीखालून विचारलं.

दुकानात हे ऐकून गॉर्डीनं डोकं खाजवलं. "हरणाकडं रडार कुठून येणार, आर्डिस?"

"तुझ्याकडं वाजलं नाही, माझ्याकडं वाजतं. यंत्रालाही माणूस कळतो बाबा. हेच घेते."

सबंध हिवाळा एकही दंड झाला नाही. एकदा तर पोलिसानंच तिला हसून हात केला. आर्डिस चर्चमध्ये कॉफीच्या वेळी बायकांना यंत्राचं कौतुक सांगायची, आणि ऑर्विल मान डोलवायचा. प्रत्येक सामन्याला तो बरोबर असायचा. हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी.

अंतिम सामन्याच्या सकाळी त्याला सणकून सर्दी झाली. नाक लाल, घसा बसलेला.

"आज घरी पड मुकाट्यानं," आर्डिस म्हणाली. "मी जाते की एकटी. यंत्र आहे ना बरोबर."

"छे छे! मी येणारच," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला आणि तिच्या आधी गाडीत जाऊन बसला.

केवढं प्रेम नातीवर! आर्डिसला भरून आलं. तिनं त्याच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला. त्यानं टोपी ओढून डोळे मिटले.

निघायला उशीर झालेला. रस्ता मोकळा, ऊन लखलखीत, सिग्ने वाट बघत असणार. आर्डिसचा पाय हळूहळू खाली गेला.

पीं... पीं...

आज आवाज जरा बसलेला वाटला. थंडीनं यंत्रसुद्धा गारठलं असेल बिचारं. आर्डिसनं वेग कमी केला आणि मायेनं यंत्राच्या पाठीवर थोपटलं.

पीं... पीं... पीं... करता करता यंत्राला सटकन शिंक आली.